घंटाकाकूंची तोंडपाठ कबुली

घंटाकाकू रोज कोर्टात उभ्या राहतात आणि रोज आपला खोटेपणा कबूल करतात, अशी बातमी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून निघाली. दुसऱ्या मजल्यावर मामी राहतात. त्या इमारतीत कुणाच्याच मामी नाहीत, पण जिन्यात उभं राहून दुसऱ्याविषयी बोलायचं तर काहीतरी नातं लागतं, म्हणून सगळ्यांनी त्यांना हे नातं देऊन टाकलेलं आहे. मामींच्या भाचीच्या मैत्रिणीने काकूंना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळून. काकू म्हणे आधी नाही नाही म्हणाल्या, मग खाली बघितलं, मग सगळं ओकल्या. तिच्या मागून दुसरी मुलगी गेली, तिच्यापुढेही ओकल्या. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत या बातमीत विष घातलेला एक नवराही आला होता. काकूंचं लग्नच झालेलं नाही हे कुणाला आठवलं नाही, आणि नवरा मेलेला असल्यामुळे त्याची चौकशीही कुणी केली नाही.

बातमी चुकीची होती, पण फार नाही. पिंजऱ्यात उभी राहायची ती काकूंची नुसती आकृती. खुद्द काकू त्या वेळी एका कॉलेजच्या तळमजल्यावर स्टुलावर बसून शेंगदाणे सोलत असायच्या. कॉलेज कायद्याचं. तिथल्या एका रिकाम्या खोलीत मुलं डोळ्यांना एक डबा बांधतात, आणि डबा बांधला की त्या खोलीचं कोर्ट होतं. वर न्यायाधीश, मागे घड्याळ, समोर पिंजरा, पिंजऱ्यात बाई. मान वळवली की भिंत वळते, पुढे पाऊल टाकलं की बाई जवळ येते. बाकी सगळं कॉम्प्युटरने रंगवलेलं, बाई तेवढी खऱ्या माणसावरून उचललेली. ते खरं माणूस म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घंटाकाकू.

नाव असं पडण्याचं कारण सरळ आहे. त्या कॉलेजात काकूंनी एकतीस वर्षं तासांची घंटा दिली. व्हरांड्यात टांगलेली पितळी थाळी, शेजारी लाकडी हातोडी, आणि काकूंच्या मनगटावरचं घड्याळ. रटाळ मास्तरांचा तास त्या दोन मिनिटं आधी संपवायच्या. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, मास्तर दात खायचे. पुढे विजेची घंटा आली. तिचं बटण ऑफिसात गेलं, थाळी भंगारात गेली, आणि काकू जागच्या जागी राहिल्या. करायला काही नाही अशा माणसाला सगळे कामं सांगतात. पाणी भरा, फायली पोचवा, पुराव्याच्या बाईंना चहा द्या.

पुराव्याच्या बाई म्हणजे पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिका. अतिशय हुशार, अतिशय गोड, आणि समोरचा बोलत असताना वहीत काहीतरी लिहून घ्यायची त्यांना सवय. काकूंना ती सवय फार आवडायची. आयुष्यात त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणी लिहून घेतलेलं नव्हतं.

एका दुपारी चहा ठेवता ठेवता काकूंनी बाईंना घरातली गोष्ट सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी वडिलांच्या नावावरची. भाऊ लग्न करून वेगळा राहायला गेला, काकू आईपाशी राहिल्या. आई चौदा वर्षं अंथरुणाला खिळली होती, त्या चौदा वर्षांत भावाने चौदा वेळा फोन केला असेल. आई गेली, मग भाऊही गेला. आणि आता भावाच्या मुलाला, म्हणजे काकूंच्या पुतण्याला, बापाच्या कपाटात एक कागद सापडला होता. त्या कागदावर काकूंनी घरावरचा आपला हक्क राजीखुशीने भावाला सोडला होता. खाली सही.

"सही माझ्यासारखी आहे, बाई," काकू म्हणाल्या. "पण माझी नाही. मी एकेक अक्षर टाका घातल्यासारखी काढते. ही कुणी तरी घाईत काढलीय. असा कागद माझ्यासमोर कधी आलाच नाही."

"कागद दाखवला तेव्हा तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"काय करणार? बघत बसले. तोही गप्प बसला. कुणी असं समोर कागद ठेवून गप्प बसलं की मला काही सुचत नाही. काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं."

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

काकूंना वाटलं, आपली केस लिहिली. जाताना त्यांनी विचारलंसुद्धा, "बघाल ना जरा?" बाई म्हणाल्या, "बघते की." काकू त्या शब्दावर दोन महिने निवांत झोपल्या.

दोन महिन्यांनी त्यांना वर बोलावलं. खोलीभर हिरवं कापड लावलेलं, मधोमध एक कठडा, आणि एक लॅबवाला. हा मुलगा कायम अर्धी चड्डी घालायचा आणि सगळ्यांना काकू म्हणायचा, पुरुष प्राध्यापकांना तेवढं सर. कॉलेजने डबे घेतले होते, आता डब्यात घालायला साक्षीदार हवी होती. नटीला विचारलं तर ती तारखा देईना. काकू रिकाम्याच होत्या. बाईंनी त्यांच्या हातात चार पानं ठेवली. काकूंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. पानांवरची बाई अविवाहित. आईची सेवा केलेली. घर वडिलांचं. भाऊ वारलेला. कागदावर सही. एवढं सगळं काकूंचं, आणि चौथ्या पानावर ती बाई कबूल करत होती की सही आपलीच आहे.

"पण बाई, मी सही केलेली नाही."

"तुम्ही नाहीच केलेली हो. या साक्षीदाराने केलीय. उलटतपासणी शिकवायला खोटं बोलणारी बाई लागते. खरं बोलणारीकडून पोरं काय शिकणार?"

"लोकांना वाटेल मीच."

"लोक येतात का परीक्षेला?"

"आणि आमची केस?"

"ती बघतेय ना मी."

काकूंनी होकार दिला. एक तर बाईंना नाही म्हणायची जीभ त्यांना नव्हती. दुसरं म्हणजे, खोटं कशाला बोला, त्या हुरळल्या होत्या. एकतीस वर्षं व्हरांड्यात उभी राहिलेली बाई आता सगळ्या वर्गांच्या मधोमध उभी राहणार होती. त्या दिवशी घरी येताना त्यांनी जिन्यात मामींना थांबवून सांगितलं, "मला पोरांना शिकवायला घेतलंय." मामींनी तोंडावर अभिनंदन केलं आणि पाठ वळताच पहिल्या मजल्यावर जाऊन सांगितलं की काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

अकरा दिवस रेकॉर्डिंग चाललं. काकूंच्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवले, बोटांना पट्ट्या बांधल्या. परीक्षेची रीत अशी होती: विद्यार्थ्याने आधी चार बिनधोक प्रश्न विचारायचे, म्हणजे साक्षीदार सैल होते. मग कागद तिच्याकडे तोंड करून ठेवायचा, त्यावरचा हात काढून घ्यायचा आणि गप्प बसायचं. सात सेकंद. त्याआधी तो बोलला, घड्याळाकडे बघितलं, कागदाला पुन्हा हात लावला, तर बाई म्हणते, "सही माझी नाही," आणि मार्क गेले. सात सेकंद थांबला तर बाई तुटते. मशीन सगळं मोजायचं. नजर कुठे होती, आवाज किती चढला, किती वेळा मध्ये तोंड घातलं.

तुटण्याचं वाक्य काकूंनी सत्तावीस वेळा म्हटलं. "आता लपवून काय करू. सही माझीच आहे." आधी कागदाकडे बघायचं, मग स्वतःच्या हाताकडे, मग समोर. सात मोजायला लॅबवाल्याने त्यांना युक्ती दिली: चपलेत पायाचा अंगठा दाबायचा. एक, दोन, तीन. सातव्या दाबाला बोलायचं.

"काकू, अजून थोडं तुटा," लॅबवाला म्हणायचा.

"किती तुटू रे? संध्याकाळी घरी न्यायला काही शिल्लक राहू दे."

काम फत्ते झालं. पहिल्याच वर्षी अर्धा वर्ग काकूंवर नापास झाला आणि काकूंचा भाव वधारला. कॅन्टीनमध्ये पोरं म्हणायची, "काकू, काल तुम्ही मला पाचव्या सेकंदाला उडवलंत." काकू म्हणायच्या, "तू कागदाला हात लावला असशील." डबा त्यांनी स्वतः एकदाच लावून बघितला. समोर आपणच उभ्या आहोत आणि आपल्याला घाम फुटलाय, हे बघून त्यांना चक्कर आली. पण मशीन बिघडायचं, आणि वारंवार बिघडायचं. तेव्हा मशीनच्या जागी काकूंना बोलवायचे. हातातले शेंगदाणे टाकून त्या वर जायच्या, कठड्यामागे उभ्या राहायच्या, पोरं प्रश्न विचारायची, अंगठा सात वेळा दाबला जायचा आणि वाक्य बाहेर पडायचं. पाहुणे आले की त्यांच्यासमोरही. कॉलेजचे मोठे लोक टाळ्या वाजवायचे. दोन वर्षांत काकूंनी ती सही आपलीच असल्याचं किती वेळा सांगितलं याचा हिशेब मशीनलाही नसेल.

या सगळ्या पोरांत त्यांचा लाडका एकच. वर्गात त्याला बर्फ म्हणायचे. सात सेकंद थांबताना इतरांच्या कपाळाची शीर उडायची, याची पापणी हलायची नाही. त्याला वर्षातले सगळ्यात जास्त मार्क मिळाले. मशीन बंद असलं की तो मुद्दाम काकूंना वर घेऊन जायचा. एकदा म्हणाला, "काकू, मशीनपेक्षा तुम्ही लवकर तुटता." काकूंनी ते कौतुक म्हणून घेतलं आणि मूठभर शेंगदाणे त्याच्या खिशात घातले.

इकडे पुतण्याने दावा लावला. घर रिकामं करून द्या. काकूंनी बाईंना सांगितलं, बाई म्हणाल्या, "अरेरे," आणि एका ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला. हे वकील नुसत्या मिश्यांचे होते. बोलताना मिश्या हलायच्या, त्यामागून शब्द आला तर आला. पण एक गोष्ट त्यांनी काकूंना नीट समजावली.

"हे बघा, सहीचा तज्ज्ञ म्हणतो, ठाम सांगता येत नाही. कागदावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारला, दुसरा तुमच्या पुतण्याच्या दुकानात कामाला. म्हणजे राहिलात कोण? तुम्ही. घर राहणार की जाणार ते तुमच्या एका वाक्यावर. कुणी काहीही विचारो, काय म्हणायचं?"

"सही माझी नाही."

"बस. घरी आरशासमोर म्हणत जा."

काकू हसल्या. "त्याची गरज नाही, वकीलसाहेब. पिंजऱ्याची मला सवय आहे."

वकिलांनी मिशी खाजवली. त्यांना वाटलं, पूर्वी कधी कोर्टात आल्या असतील.

साक्षीच्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून साडेदहालाच हजर. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या मांडीवर फायली. समोरून काळ्या कोटात बर्फ आला.

"काकू, ओळखलंत का?"

"तुला नाही ओळखणार? किती वेळा रडवलंस मला." काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा हातच धरला. "वकील झालास हं. इकडे कुणाची केस?"

"आहे एक. घराची."

"जिंकशील. तुझ्यापुढे कोण टिकतंय."

तो हसला आणि आत गेला. काकूंनी मिशीवाल्यांना कोपर मारलं. "माझ्या हाताखालचा मुलगा आहे हा." मिशीवाल्यांनी फायलीवरचं नाव बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा तर तुमच्या पुतण्याचा वकील." काकूंचं तोंड उघडं राहिलं. पण त्यातूनही त्यांनी चांगलंच काढलं: ओळखीचा आहे, आपल्या अंगावर ओरडणार नाही.

त्यांचा अंदाज बरोबर होता. तो अजिबात ओरडला नाही.

काकू पिंजऱ्यात गेल्या, शपथ झाली, मिशीवाल्यांनी विचारलं आणि काकूंनी खणखणीत सांगितलं, "सही माझी नाही." टाइप करणाऱ्या मुलीने ते टिपलं. मागे बसलेल्या पुतण्याने नखं खाल्ली. मग बर्फ उठला.

"काकू, उभ्या आहात, त्रास होत नाही ना?"

"नाही, सवय आहे."

"नोकरी किती वर्षं?"

"चौतीस होतील."

"घंटा तुम्हीच द्यायचात?"

"विजेची आली तोवर मीच."

"वेळ कधी चुकली नाही?"

"मुद्दाम चुकवली तेवढीच."

कोर्टात माफक हसू पसरलं. न्यायाधीशही हसले. काकूंचे खांदे सैल पडले. हे चार प्रश्न झाले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या पायाच्या आलं. बर्फाने कागद कठड्यावर ठेवला, तोंड त्यांच्याकडे केलं, हात काढून घेतला आणि गप्प उभा राहिला.

काकूंचा अंगठा चपलेत दबला. एक. पंखा फिरत होता. दोन. तीन. चौथ्याला त्या कागदाकडे बघत होत्या, पाचव्याला स्वतःच्या हाताकडे. मिशीवाले फायलीत काहीतरी शोधत होते, त्यांनी मान वर केली असती तर खोकले तरी असते. सहा. काकूंनी समोर बघितलं, बर्फाची पापणी हलली नाही.

"आता लपवून काय करू," काकू म्हणाल्या. "सही माझीच आहे."

म्हणून झाल्यावर त्या किंचित थांबल्या, पोरगं पास झालं की थांबायच्या तशा. मग त्यांना कळलं की इथे डोळ्यावरून डबा काढणारं कुणी नाही. टाइप करणाऱ्या मुलीच्या बोटांचा आवाज तेवढा येत होता.

"थांबा," काकू म्हणाल्या. "ते नका लिहू. ते माझं वाक्य नाही. ते मशीनचं आहे."

"कसलं मशीन?" न्यायाधीशांनी विचारलं.

काकूंनी सांगायला सुरुवात केली. डबा सांगितला, हिरवं कापड सांगितलं, अंगठा सांगितला. जेवढं खरं सांगत गेल्या तेवढं ते वेड्यासारखं ऐकू यायला लागलं. मागच्या बाकावर कुणीतरी तोंडाला रुमाल लावला. मिशीवाल्यांनी उठून एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि खाली बसले. आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मिशीवर लिहिलेलं होतं. न्यायाधीशांनी बर्फाला पुन्हा विचारायची मुभा दिली.

"मशीनमधली बाई कोण, काकू?"

"मीच. म्हणजे माझी आकृती."

"आवाज?"

"माझा."

"वाक्य?"

"पुराव्याच्या बाईंनी लिहिलेलं."

"आणि आज इथे कुणी लिहून दिलं होतं?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "तुला माहीत आहे ना रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तूच तर."

"प्रश्न एवढाच आहे, काकू. आज कुणी लिहून दिलं होतं का?"

"नाही."

"मला आणखी काही विचारायचं नाही," बर्फ म्हणाला आणि खाली बसून पेनाचं टोपण लावलं.

एक रस्ता अजून उघडा होता. मिशीवाल्यांनाही तो सुचला, म्हणजे तो किती रुंद असेल बघा. पुराव्याच्या बाईंनी कोर्टात येऊन सांगायचं की हे वाक्य आमचं, अक्षर न् अक्षर आमचं, या बाईंकडून आम्ही ते दोन वर्षं घोकून घेतलंय. किंवा नुसती ती चार पानं द्यायची. काकू दुसऱ्याच दिवशी चहा घेऊन बाईंच्या खोलीत गेल्या.

बाईंनी सगळं ऐकलं. या वेळी वही उघडली नाही.

"फारच वाईट झालं हो."

"तुम्ही फक्त एवढं सांगा, की ते तुम्ही लिहिलंय."

"तुम्ही रीतसर अर्ज द्या. मी पुढे पाठवते."

अर्ज गेला, आणि उत्तर टाइप होऊन आलं. सदर वाक्य हे अंतर्गत मूल्यमापनाचा गोपनीय भाग असून ते उघड झाल्यास चालू वर्षाच्या परीक्षेवर परिणाम होईल, सबब संस्था खेद व्यक्त करते. खाली बाईंचीच सही होती, स्वच्छ, वळणदार, तिच्याबद्दल कुणाला शंका येणार नाही अशी. मिशीवाले म्हणाले, बाईंना समन्स काढता येईल. काढलंही. त्या तारखेला बाई परगावी एका परिषदेला होत्या. विषय होता, साक्षीदाराचा विश्वास कसा संपादन करावा. पुढची तारीख न्यायाधीशांनी दिली नाही. काकूंचं म्हणणं कल्पक आहे पण पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, असं निकालात आलं. घर दोन महिन्यांत रिकामं करायचं.

काकूंनी त्या दिवसापासून कॉलेजात पाऊल टाकलं नाही. वरच्या खोलीतली त्यांची आकृती मात्र कामावर हजर होती, वेळेवर, परीक्षा जवळ आली होती ना.

इमारतीने काकूंना जमेल तसा धीर दिला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, कागदावर सही करताना विचार करायचा असतो. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, दोन खोल्या एकट्या बाईला जास्तच होत्या. मामी रोज जिन्यात भेटायच्या.

"खरं सांगा, काकू. आता काय, निकाल लागला. केली होती ना सही?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

"सवयीने."

"बाई गं. मला कधी अशी सवय लागली नाही."

"तुम्हाला कधी कुणी काही विचारलंय का, मामी? तुम्ही न विचारताच बोलता."

मामींनी हे मनावर घेतलं नाही. त्यांनी वर जाऊन सांगितलं की काकूंनी जवळजवळ कबूल केलं.

पुतण्या एकदा येऊन गॅलरीची लांबी मोजून गेला. टेपचं एक टोक त्याने काकूंना धरायला सांगितलं. काकूंनी धरलं. तो म्हणाला, "आत्या, राग नाही ना?" काकू म्हणाल्या, "टेप सरळ धर." जाताना त्याने बर्फाचं तोंडभर कौतुक केलं. म्हणाला, पहिल्याच भेटीत हा वकील मला म्हणाला होता, तुमच्या आत्या मला पाठ आहेत, तज्ज्ञबिज्ज्ञ काही नको, फक्त चार प्रश्न आणि थोडी शांतता लागेल. हे सांगताना पुतण्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि म्हणून आम्हा सगळ्यांना ते कळलं.

शेवटच्या आठवड्यात काकू भांडी बांधत होत्या. चुलत बहिणीने तिच्या घरामागची खोली देऊ केली होती. तिथे आधी शिलाईमशिनं ठेवलेली असायची. दार सताड उघडं होतं, बाहेर कठड्याला टेकून मामी उगीचच उभ्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यात चपला वाजल्या आणि लॅबवाला वर आला. त्याच अर्ध्या चड्डीत, हातात प्लास्टिकची फाइल. त्याला बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं. बराच वेळ तो दारात उभा राहून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता.

"काकू, कसं सांगू."

"सांग की. सगळे सांगूनच जातात."

"तुमची आकृती वापरायची परवानगी तीन वर्षांची होती. ती या महिन्यात संपतेय. नवीन डबे आलेत, बाईंना तुमचीच साक्षीदार पुढे चालू ठेवायचीय. दुसरी एक बाई करून बघितली, पण ती तुटत नाही हो. म्हणजे तुमच्यासारखी नाही."

काकूंनी पातेल्यात पातेलं ठेवलं. "बाई स्वतः का नाही आल्या?"

"त्यांना म्हणे तुमच्यासमोर यायला जड जातं."

"असं होय."

"नवीन रेकॉर्डिंग नको, काही नको. वर यायचीसुद्धा गरज नाही." त्याने फाइल उघडून कागद बाहेर काढला, ओट्यावर मोकळी जागा बघून ठेवला आणि पेन पुढे केलं. "फक्त इथे खाली तुमची सही लागेल."

काकूंनी चादरीची गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली, मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सही माझ्याकडे कशाला मागतोस? माझ्या नकळत झालेली कोर्टात चालली, तुमच्या कॉलेजात न चालायला काय झालं?"